टाचेमागची शीर वारंवार दुखते: दुसऱ्या डॉक्टरांचं मत कसं घ्यावं, त्यांना काय विचारावं

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाच टेकवत नाही. भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जावं लागतं. थोडं चाललं की पाय मोकळा होतो आणि दुपारपर्यंत आपण विसरूनही जातो. संध्याकाळी पुन्हा ठणका. गोळ्या घेतल्या, पंधरा दिवस जिने टाळले की बरं वाटतं. मग पुन्हा चढ चढायला सुरुवात केली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तेच दुखणं, त्याच जागी. (इथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी जाड दोरी, टेंडन.)

माझ्या उजव्या पायाला हे दोन वर्षांत चार वेळा झालं. ज्यांचं दुखणं असंच जाऊन-येऊन आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात शाळेत शिकवते. वय ४८. दिवसाचे पाच तास फळ्यासमोर उभी असते आणि पहाटे अजिंक्यतारा चढायची सवय आहे. ती सवय सुटायची वेळ आली होती, म्हणून या दुखण्याच्या मागे लागले.

चार वेळचे उपाय आधी सांगते, कारण बहुतेकांचे उपाय याच क्रमाने होतात. पहिल्यांदा, जुलै २०२२ मध्ये, "शीर आखडली आहे" म्हणून वेदनाशामक गोळ्या, जेल आणि क्रेप बँडेज. दोन आठवड्यांत बरं. दुसऱ्यांदा, फेब्रुवारी २०२३ मध्ये एक्स-रे निघाला आणि "हाड वाढलंय" हे शब्द कानावर आले. घरात त्या शब्दांचीच भीती बसली. सासूबाई तर मला खाली बसूच देईनात. सिलिकॉनची टाच बुटात घातली, पुन्हा बरं. तिसऱ्यांदा, ऑक्टोबरमध्ये, मोबाइलवर पाहून व्यायाम सुरू केला: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा आणि टाच पायरीच्या खाली सोडायची. आठ दिवसांत दुखणं दुप्पट झालं. चौथी वेळ एप्रिल २०२४ ची, आणि ती सगळ्यात चमत्कारिक होती. परीक्षांमुळे महिनाभर गडावर गेलेच नव्हते, तरी दुखलं, आणि या वेळी दोन्ही टाचा. तेव्हा सुचवलं गेलं, "टाचेत एक इंजेक्शन देऊन टाकू, एकदाची सुटका होईल."

तिथे मी थांबले. इंजेक्शनची भीती नव्हती. पण चारही वेळा माझं दुखणं एकच धरलं गेलं होतं आणि चौथी वेळ पहिल्या तिन्हींसारखी नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं.

घरात पहिला प्रश्न आला तो डॉक्टरांना काय वाटेल याचा. हे म्हणाले, "वीस वर्षं ते आपल्याला बघतायत. त्यांना न सांगता दुसरीकडे गेलीस तर वाईट वाटेल." खरं आहे, मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी न सांगता गेले नाही. दवाखान्यात जाऊन सरळ म्हटलं, "डॉक्टर, चौथ्यांदा होतंय. इंजेक्शन घेण्याआधी पायाच्या तज्ज्ञांना एकदा दाखवून येते. तुम्ही चिठ्ठी द्याल का?" त्यांनी लगेच दिली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं वैद्यकीय मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागणी केल्यावर त्याची कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. पण नियम सांगायची वेळ शक्यतो येऊच नये. चिठ्ठी मागितली की बहुतेक वेळा मिळते, आणि चिठ्ठी असली की पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरुवात करत नाही.

जायच्या आधीची तयारी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. वहीचं एक पान घेतलं आणि चारही वेळांच्या तारखा लिहिल्या. प्रत्येक तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांत काय बदललं, ते समोर लिहिलं: चढ वाढवला का, नवीन चपला घेतल्या का, लग्नकार्यात अनवाणी किती वेळ होते, कुठला ताप-आजार, कुठल्या गोळ्या. गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानातली जुनी बिलं शोधली. डब्यात निम्मी सापडली, बाकीची दुकानदाराने संगणकावरून काढून दिली. एक्स-रेचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म न्या. सोनोग्राफी किंवा एमआरआय झालेलं असेल तर त्याची सीडीही न्या, कारण चांगला तज्ज्ञ चित्र स्वतः बघतो. आणि रोजच्या वापरातली झिजलेली चप्पल-बूट पिशवीत घालून न्या. मला संकोच वाटला होता, पण पुण्यातल्या ज्या तज्ज्ञांकडे मी गेले, त्यांनी आधी माझ्या बुटाची टाच उलटी करून पाहिली, एक्स-रे नंतर.

कोणाकडे जायचं, याचं उत्तर दुखणं नेमकं कुठे आहे यावर ठरतं. घोट्याभोवती शिरा अनेक आहेत आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं. एका बोटाने जागा शोधा. टाचेच्या हाडाला जिथे जाड दोरी येऊन चिकटते तिथेच दुखत असेल तर ते अ‍ॅकिलिस टेंडनच्या जोडाचं दुखणं. त्याच दोरीवर हाडापासून साधारण दोन ते सहा सेंटीमीटर वर, चिमटीत धरल्यावर दुखत असेल तर ते तिच्या मधल्या भागाचं. आतल्या घोट्याच्या मागून तळव्याच्या कमानीकडे कळ जात असेल, त्या बाजूचा तळवा हळूहळू सपाट होत असेल, तर वेगळी शीर, आणि तिथे वेळ घालवू नये, कारण कमान एकदा पूर्ण बसली की ती परत उभी करणं अवघड जातं. बाहेरच्या घोट्यामागे दुखत असेल आणि पूर्वी पाय मुरगळलेला असेल, तर तिथल्या शिरेला उभी चीर असू शकते. ती नुसत्या एक्स-रेत दिसत नाही.

टाचेमागच्या साध्या दुखण्याला पाऊल-घोट्याचं काम करणारे ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञ बरे. फी परवडत नसेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातली ऑर्थोपेडिक ओपीडी आहे. पुण्यात ससून, मुंबईत केईएम. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे याच प्रकारचं काम चालतं. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं लागतं. फोनवरून किंवा व्हिडिओवरून घेतलेलं मत या दुखण्यात अपुरं पडतं, पायाला हात लावल्याशिवाय निदान होत नाही. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही टाचा दुखत असतील, सोबत कंबर आखडत असेल, अंगावर सोरायसिसचे चट्टे असतील किंवा डोळा वारंवार लाल होत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जा. काही संधिवातांची पहिली खूण टाचेतच दिसते, आणि तिथे कितीही शेक दिला तरी आजार तसाच राहतो. ज्यांच्या घरात तरुण वयात हृदयविकार आहे आणि टाचेमागची दोरी जाड, गाठाळ लागते, त्यांनी कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. अनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या आजारात चरबी त्या शिरेत साठते.

आता पुण्यातल्या त्या तज्ज्ञांसमोरच्या पंचवीस मिनिटांबद्दल, कारण माझा गुंता तिथे सुटला.

मी बसल्या बसल्या निदान सांगायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "आधीचं निदान नंतर वाचतो. दुखतं कुठे ते दाखवा." मी तळव्याने टाच धरली. "हाताने नाही, एका बोटाने." मी बोट ठेवलं ते अगदी हाडावर, शीर चिकटते तिथे. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली, थकेपर्यंत. डाव्या पायावर २२ झाल्या, उजव्यावर ९ आणि थरथर. टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, उजवी दीड सेंटीमीटर बारीक. दोन वर्षांत पोटरी एवढी खंगली होती आणि मला पत्ता नव्हता.

"दुखलं की आराम, बरं वाटलं की पुन्हा गड, असंच ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी समजावलं ते असं. आरामाने दुखणं कमी होतं, पण भार पेलायची शिरेची ताकदही कमी होते. पोटरी दुबळी होते. मग आपण चढ मात्र पूर्वीचाच चढतो. म्हणजे दर वेळी आधीपेक्षा कमजोर शिरेवर तेवढंच ओझं. परत दुखणार नाही तर काय होईल? गोळ्यांनीही म्हणूनच टिकाऊ गुण येत नाही. जुन्या दुखण्यात शिरेची आतली घडण विस्कटलेली असते, सुजेपेक्षा तोच भाग मोठा असतो.

मग त्यांनी विचारलं ते आधी कोणीच विचारलं नव्हतं. "घरात उकिडवं किती वेळ बसता?" मी हिशोब केला. भारतीय संडास, अंगणातली झाडलोट, भाजी निवडताना, फरशी पुसताना, शाळेत लहान मुलांच्या वह्या बघताना त्यांच्या पाटांजवळ. दिवसाचा तास सहज. उकिडवं बसलं की गुडघा पुढे जातो, पाऊल नडगीकडे वळतं आणि टाचेची शीर हाडाच्या वरच्या कोपऱ्यावर दाबली जाते. चढ चढतानाही तेच. घरात शहाबादी फरशीवर अनवाणी, बाहेर पातळ सपाट चप्पल, त्यातही तेच. आणि पायरीवरून टाच खाली सोडायच्या त्या व्यायामात तर हे सगळ्यात जास्त.

तो व्यायाम वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये तो मांडला: दिवसाला १८० वेळा, १२ आठवडे. त्याच गटाने २००३ मध्ये तपासलं तेव्हा शिरेच्या मधल्या भागाचं दुखणं असलेल्यांत ८९ टक्के पायांना चांगला गुण आला होता. जोडाच्या जागी दुखणाऱ्यांत फक्त ३२ टक्क्यांना. मग २००८ मध्ये जोडाच्या दुखण्यासाठी टाच जमिनीच्या खाली न नेता, सपाट जमिनीवरच व्यायाम करून पाहिला गेला, तेव्हा हा आकडा ६७ वर गेला. गट लहान होता, पण डॉक्टरांनी हे आकडे कागदावर लिहून दाखवले तेव्हा माझ्या ऑक्टोबरच्या दुखण्याचं कोडं सुटलं. मी दुसऱ्याच्या दुखण्याचा व्यायाम आपल्या पायाला केला होता. दोन बोटांच्या अंतराने एवढा फरक पडतो, आणि दोन वर्षांत त्या दोन बोटांचं अंतर कोणी मोजलं नव्हतं.

वाढलेल्या हाडाबद्दल ते म्हणाले, "शंभर लोकांचे एक्स-रे काढले तर न दुखणाऱ्या कित्येकांत हे दिसेल. त्याला धरून बसू नका." घरी येऊन हे सासूबाईंना आधी सांगितलं.

राहिला एप्रिल. वहीचं पान त्यांनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मार्चच्या शेवटी मला जुलाब झाले होते आणि पाच दिवस ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी घेतली होती. आपल्याकडे पोट बिघडलं की ही गोळी सर्रास मिळते, कित्येक जण चिठ्ठीशिवाय घेतात. ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या एकाच गटातल्या प्रतिजैविकांनी टाचेची शीर दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या गटावर सर्वांत कडक स्वरूपाची चौकटीतली सूचना छापायला लावली. साठीनंतर आणि स्टिरॉइड चालू असताना धोका जास्त. दोन्ही टाचा एकदम, भार न वाढवता, गोळीनंतर आठवड्याभरात दुखणं, हे त्याच्याशी जुळत होतं. डॉक्टर म्हणाले, "खात्रीने सांगता येणार नाही, पण तारखा बोलतायत." आणि अशा वेळी शिरेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं, कारण त्याने शीर आणखी कमजोर होऊन तुटायची भीती असते. मी ते इंजेक्शन घ्यायच्या दोन दिवस अलीकडे होते. ते वाक्य ऐकल्यावर मी थोडा वेळ काही बोलले नाही.

यातली कुठली गोळी तुम्हाला चालू असेल तर हे वाचून ती स्वतःहून बंद करू नका. टाच दुखायला लागली तर चालणं-चढणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पर्यायी औषध बहुधा असतं.

दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा, माझ्या अनुभवावरून, आधी लक्षणं सांगा आणि पाय तपासू द्या. जुनं निदान आणि रिपोर्ट त्यानंतर पुढे करा. आधीचा कागद समोर असला की डोळा तिकडेच जातो. औषधं मात्र एकही लपवू नका, काढा-भस्मसुद्धा. मग विचारा: नेमकी कुठली शीर आणि तिचा कुठला भाग? ती परत परत का दुखते? हे दुसरं काही असू शकतं का, आणि ते कशावरून नाही? सोनोग्राफी किंवा एमआरआय केल्याने उपचार बदलणार आहे का? (माझ्या बाबतीत सोनोग्राफी पुरली. एमआरआयचे सात हजार वाचले.) काहीच केलं नाही तर काय होईल? आणि बरं व्हायला किती आठवडे, कुठल्या खुणेवरून कळेल? शेवटच्या प्रश्नाला "बघू" एवढंच उत्तर आलं तर मला ते अपुरं वाटतं.

दोन मतं जुळली नाहीत तर लोक तिसऱ्याकडे पळतात. त्याआधी हे पाहा की तुमचं दुखणं परत का येतं, याचं उत्तर कोणत्या मतात आहे. दोन्ही मतांत ते नसेल तरच तिसरं शोधा. शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल आणि शीर तुटलेली नसेल, तर आधी तीन ते सहा महिने नीट, देखरेखीखाली व्यायाम झाला आहे का, हे विचाराच. नुसता मनाने केलेला किंवा चुकीचा झालेला व्यायाम त्यात धरू नका.

या सगळ्यासाठी वेळ काढता येत नाही असे प्रसंगही आहेत. चालताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट् आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असं धरून त्याच दिवशी रुग्णालयात जा. पोटरी सुजून गरम लागत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा प्लास्टर काढल्यावर, तर ती रक्ताची गाठ असू शकते. ताप आणि लाली असेल तरी थांबू नका.

माझा उपचार साधा निघाला. बुटात एक सेंटीमीटर उंचवटा, दोन्ही पायांत, म्हणजे चाल वाकडी होत नाही. घरातही टाच असलेली चप्पल. तीन महिने उकिडवं बसणं बंद, संडासात खुर्ची ठेवली, भाजी ओट्याशी उभ्याने. पहिले तीन आठवडे सपाट जमिनीवर टाच थोडी उचलून ४५ सेकंद धरायची, पाच वेळा. मग सावकाश वर-खाली, मग हातात वजन घेऊन एक दिवसाआड. पिशवीत तांदळाची किलोची पाकिटं भरून सुरुवात केली, शेवटी दहा किलोपर्यंत गेले. फिजिओ मॅडमनी एक मोजमाप दिलं ते मी अजून पाळते. व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेपणा वाढलेला नको. वाढला तर भार कमी करायचा. व्यायाम बंद मात्र करायचा नाही. आठव्या आठवड्यात मला काहीच फरक वाटत नव्हता आणि मी रडकुंडीला आले होते. त्यांनी वही उघडून दाखवलं, टाच उचलण्याचा आकडा ९ वरून १४ वर गेला होता. दुखणं त्यानंतर कमी झालं. आधी ताकद आली.

गडाची सुरुवात पाचव्या महिन्यात, तीही फक्त वाटेवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत, आठवड्यातून दोनदा. वरच्या दरवाजापर्यंत जायला दहा महिने लागले. आता उजवा पाय २० वर आहे. परीक्षेत तीन तास उभं राहिलं की दुसऱ्या सकाळी अजून जरा आखडतं, दोन दिवस वजन कमी करते, जातं.

तज्ज्ञांचा कागद घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे परत गेले होते. त्यांनी तो उभ्यानेच पूर्ण वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. माझं जुनं कार्ड काढलं आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने त्या तीन प्रतिजैविकांची नावं लिहून खाली रेघ ओढली. म्हणाले, "बाई, बरं केलंत दाखवलंत. यांच्या कार्डावरही लिहितो," आणि ह्यांचं कार्ड काढायला सांगितलं.